शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२४ मध्ये रॉटरडॅमला ही स्पर्धा भरली तेव्हा माझी आई आमच्याकडे नेदरलँड्सला आलेली होती. तिला घेऊन मी अहॉयच्या हॉलमध्ये शनिवारचा अख्खा दिवस बसले. तिने त्या दिवशी विचारलेले प्रश्न आणि नंतर भारतातल्या भाच्या-पुतण्यांनी फोनवर विचारलेले प्रश्न, असे मिळून हे पान तयार झालंय. खेळ टीव्हीवर पहिल्यांदाच बघणाऱ्यालाही हेच प्रश्न पडतात.

ही स्पर्धा कोण भरवतं आणि कधीपासून?

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना, म्हणजे आयएसयू. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शॅम्पेन या गावी जगभरातले स्केटर पहिल्यांदा एकत्र आले. पुढची काही वर्षं स्पर्धेचं नाव बदलत राहिलं. ‘जागतिक अजिंक्यपद’ हा अधिकृत दर्जा तिला १९८१ मध्ये मिळाला आणि ती त्या वर्षी फ्रान्समधल्या म्यूदाँ इथे झाली. आता ती दरवर्षी साधारण मार्चमध्ये, हंगामाच्या शेवटी होते. २०२३ ला सोल, २०२४ ला रॉटरडॅम, २०२५ ला बीजिंग. २०२० ची सोलची स्पर्धा कोविडमुळे रद्द करावी लागली.

ऑलिंपिक असताना हिला एवढं महत्त्व का?

ऑलिंपिक चार वर्षांनी येतं. चार वर्षांत कुणाचा गुडघा जातो, कुणाचं वय होतं. त्यामुळे या खेळातला खरा राजा कोण हे ठरतं ते दर मार्चला. शिवाय ऑलिंपिकमध्ये हा खेळ तसा उशिराच आला. १९८८ ला कॅल्गरीत नुसता प्रात्यक्षिक म्हणून आणि १९९२ ला आल्बेरव्हिलमध्ये पदकांसह. तोवर या खेळातल्या माणसांसाठी जागतिक स्पर्धा हीच सर्वात मोठी होती.

हंगामभर ज्या स्पर्धा होतात त्यांना आधी वर्ल्ड कप म्हणत. २०२४-२५ पासून त्या मालिकेचं नाव वर्ल्ड टूर झालंय. जागतिक अजिंक्यपद हे तिच्यापेक्षा वेगळं.

शॉर्ट ट्रॅक आणि साधं स्पीड स्केटिंग यांत फरक काय?

साध्या, म्हणजे लाँग ट्रॅकमध्ये ४०० मीटरचा ट्रॅक असतो. दोघं जण आपापल्या लेनमधून धावतात आणि लढत असते घड्याळाशी. शॉर्ट ट्रॅकमध्ये एक फेरी फक्त १११.१२ मीटरची. आइस हॉकीच्या ६० बाय ३० मीटरच्या रिंकवरच ती आखतात. लेन नाहीत. चार, पाच, सहा, कधी त्याहून जास्त स्केटर एकाच वेळी सुटतात आणि जो आधी रेषा ओलांडेल तो पुढे जातो. वेळ किती लागला हा प्रश्न बहुतेक वेळा दुय्यम.

या खेळात लढत माणसांशी असते. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवली की बाकीचं बरंचसं कोडं आपोआप सुटतं.

शर्यती कोणकोणत्या?

पुरुष आणि महिला दोघांसाठी ५०० मीटर म्हणजे साडेचार फेऱ्या, १००० मीटर म्हणजे नऊ, १५०० मीटर म्हणजे साडेतेरा. रिले पुरुषांची ५००० मीटर, पंचेचाळीस फेऱ्यांची. महिलांची ३००० मीटर, सत्तावीस फेऱ्यांची. आणि दोन बायका, दोन पुरुष अशी २००० मीटरची मिश्र रिले, अठरा फेऱ्यांची. मिश्र रिले ऑलिंपिकमध्ये २०२२ ला आली आणि बीजिंगमध्ये तिचं पहिलं सुवर्ण चीनने घेतलं.

पूर्वी सगळ्या वैयक्तिक शर्यतींचे गुण मिळवून एक सर्वंकष विजेता ठरायचा. चीनच्या यांग यांगने तो मान १९९७ ते २००२ असा सलग सहा वेळा मिळवला, कोरियाच्या आन ह्यून-सूने २००३ ते २००७ सलग पाच वेळा. जुन्या स्केटरांची कामगिरी वाचताना ‘सर्वंकष विजेतेपद’ दिसलं तर ते हे.

१५०० मीटरला सुरुवातीला सगळे इतके सावकाश का जातात? दमलेत का?

आईचा हा दुसरा प्रश्न होता आणि फार चांगला होता. दमलेले नसतात, थांबलेले असतात. पुढे जाणारा हवा कापतो, मागचा त्याच्या आडोशाने जातो. ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासच्या वेगात तो आडोसा फार मोठा असतो. म्हणून पहिल्या पाच-सहा फेऱ्या कुणालाच पुढे राहायचं नसतं. मग एकदम कुणीतरी बाहेरून उसळतो, सगळी रांग ताणली जाते आणि उरलेली शर्यत म्हणजे निव्वळ जागेची लढाई.

पण पुढे जाण्याची वेळ चुकली तरी पंचाईत. ट्रॅक इतका आखूड आहे की शेवटच्या दोन फेऱ्यांत चौथ्या क्रमांकावर असाल, तर मागून येऊन जिंकायला जागाच उरत नाही. बाहेरून जायचं तर जास्त अंतर कापावं लागतं आणि आतून जायचं तर पुढच्याने दार बंद केलेलं असतं. ते दार कधी किलकिलं होतं? वळणातून बाहेर पडताना पुढचा जरा रुंद गेला तर. त्याला फार तर पाव सेकंद म्हणा. त्या पाव सेकंदात खांदा आत घालायचा की नाही, हे ठरवण्याची अक्कल म्हणजे शॉर्ट ट्रॅक. पाय सगळ्यांचेच दणकट असतात.

५०० मीटरचं मात्र वेगळं. तिथे वाट बघायला सवडच नाही. बंदूक वाजल्यावर पहिल्या वळणावर जो पहिला पोहोचला, त्याची शर्यत अर्धी झालेली असते.

पहिला येऊनही पदक दुसऱ्याला कसं मिळतं?

आम्ही बसलो होतो त्याच शनिवारी हे घडलं. पुरुषांची १५०० ची अंतिम शर्यत. कोरियाचा पार्क जी-वॉन आघाडीवर होता. त्याच्याच संघातला ह्वांग दे-हॉन आतून घुसला, धक्का लागला आणि पार्क पार मागे फेकला गेला. ह्वांगने रेषा पहिली ओलांडली. मग पंच व्हिडिओ बघायला गेले, हॉल गप्प झाला आणि थोड्या वेळाने निर्णय आला: ह्वांग बाद. सुवर्ण चीनच्या सुन लाँगला. आई म्हणाली, ‘म्हणजे शर्यत संपली तरी संपलेली नसते?’ अगदी बरोबर. दिवा लागून निकाल पडद्यावर येईपर्यंत काहीच संपलेलं नसतं.

नियम थोडक्यात सांगते. पुढे जायला कधीही मुभा आहे, पण टक्कर झाली तर जबाबदारी मागून येणाऱ्याची, पुढच्याने काही आगळीक केली नसेल तर. हाताने ढकलणं, अडवणं, सरळ पट्ट्यावर अचानक वाट बदलून दुसऱ्याला आडवं जाणं, वळणाची कड दाखवायला बर्फावर ठेवलेल्या ठोकळ्यांच्या आतून जाणं, अंतिम रेषेवर पाय हवेत उडवून धोका निर्माण करणं, या सगळ्यांना शिक्षा आहे. बाद झालेल्याचा त्या शर्यतीतला क्रमांक जातो. गैरवर्तन फार धोकादायक असेल किंवा एकाच शर्यतीत दोन गुन्हे असतील तर पिवळं कार्ड.

याची दुसरी बाजूही आहे. जो पुढे जाण्याच्या जागेवर होता आणि दुसऱ्याच्या चुकीने पडला, त्याला पंच पुढच्या फेरीत पाठवू शकतात. म्हणून कधी अंतिम फेरीत पाचऐवजी सहा-सात जण दिसतात. ती सवलत प्राथमिक फेऱ्यांपुरती. अंतिम शर्यतीत पडलात तर पडलात, पदक कुणी परत आणून देत नाही. पार्कचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी १००० च्या अंतिम शर्यतीत पुन्हा त्याच दोघांत धडक झाली आणि आदल्या वर्षी सोलमध्ये १००० आणि १५०० अशी दोन्ही सुवर्णं जिंकलेला हा माणूस दोन्ही शर्यतींतून रिकाम्या हाताने गेला.

असं असेल तर हा नशिबाचाच खेळ नाही का? तो ऑस्ट्रेलियन नाही का, सगळे पडल्यावर जिंकला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं, कारण त्या माणसाची गोष्ट फार अर्धवट सांगितली जाते.

१६ फेब्रुवारी २००२, सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिक, १००० मीटरची अंतिम शर्यत. पाच जण. अमेरिकेचा अपोलो ओनो, चीनचा ली जियाजुन, कोरियाचा आन ह्यून-सू, कॅनडाचा मॅथ्यू तुर्कोत आणि सगळ्यात मागे स्टीव्हन ब्रॅडबरी. शेवटच्या वळणावर पुढचे चौघेही कोसळले. मागून उभा आलेला ब्रॅडबरी दोन्ही हात वर करून रेषेपलीकडे गेला. दक्षिण गोलार्धातल्या कुठल्याही देशाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. ओनोने पडल्यावर कसंबसं रेषेपलीकडे झेपावून रौप्य घेतलं.

व्हिडिओ इथे संपतो. लोक हसतात आणि पुढे जातात.

त्याआधीचं ऐका. १९९१ ला सिडनीत जागतिक स्पर्धा झाली. तिथे ५००० मीटरची रिले ऑस्ट्रेलियाने जिंकली आणि त्या संघात ब्रॅडबरी होता, वय सतरा. १९९४ च्या लिलहॅमर ऑलिंपिकमध्ये त्याच रिलेत त्यांना कांस्य मिळालं, त्यांच्या देशाचं पहिलं हिवाळी पदक. त्याच वर्षी माँट्रियलच्या एका शर्यतीत दुसऱ्याचं पातं त्याच्या मांडीत घुसलं. चार लिटर रक्त गेलं. १११ टाके पडले. एका फेरीचे मीटर जेवढे, तेवढेच टाके. २००० मध्ये सरावात पडून मानेचं हाड मोडलं. तरी तो परत उभा राहिला आणि चौथ्या ऑलिंपिकला आला.

तिथे आल्यावर त्याला माहीत होतं की निव्वळ वेगात तो या चौघांना पुरा पडणार नाही. एकाच दिवसात इतक्या शर्यती, पाय भरून आलेले. मग त्याने आणि त्याच्या प्रशिक्षकांनी ठरवलं: घोळक्यात शिरायचं नाही, मागे मोकळं राहायचं. पुढचे चौघेही सुवर्णासाठी जिवावर उदार होऊन भिडणार, हे या खेळात वर्षं काढलेल्या माणसाला कळतं. चारही जण पडतील ही कल्पना कुणी केली नसेल, पण दोघं पडतील हा अंदाज अगदी रास्त होता. तो उभा होता कारण त्याने उभं राहायचं ठरवलं होतं.

नशीब आहेच. पण तेच स्केटर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा पदकं नेतात, ते कसं? इटलीच्या आरियाना फोंतानाने २००६ ते २०२२ या पाच ऑलिंपिकमध्ये मिळून ११ पदकं घेतली. आन ह्यून-सूने दोन देशांसाठी मिळून सहा ऑलिंपिक सुवर्णं. सोडतीत एकाच माणसाचं नाव इतक्या वेळा निघत नाही.

रिले अजिबात कळत नाही. मध्ये उभी असलेली माणसं कोण?

रिले कळली की तुम्ही या खेळाचे झालात. म्हणून सावकाश सांगते.

एका संघात चौघं. चार संघ असतील तर बर्फावर एका वेळी सोळा माणसं. प्रत्येक संघाचा एकच जण खरी शर्यत धावत असतो, बाकीचे ट्रॅकच्या आतल्या बाजूला हळूहळू घिरट्या घालत असतात. हातात काठी वगैरे काही नाही. ज्याची पाळी येणार तो सरळ पट्ट्याच्या सुरुवातीला आतून येऊन आपल्या साथीदाराच्या बरोबर पुढे शिरतो, गुडघे वाकवून खाली बसतो, आणि मागून पूर्ण वेगात येणारा साथीदार दोन्ही तळहात त्याच्या कमरेवर टेकवून त्याला ढकलतो. नियमाने नुसता स्पर्श पुरतो. पण त्या ढकलण्यात धावणाऱ्याचा सगळा वेग पुढच्याच्या अंगात जातो. जवळून बघाल तर ढकलणारा त्यानंतर जवळजवळ जागेवर थांबलेला दिसतो आणि ढकललेला बाणासारखा सुटतो. साधारण दीड फेरी झाली की पुन्हा बदल.

यात चूक कुठे होते? दोन संघांची ढकल एकाच वेळी, एकाच जागी चालू असते. आपला गडी एखादा हात डावीकडे राहिला तर तळहात कमरेऐवजी पाठीवर पडतो आणि दोघंही तोल जाऊन बसतात. कुणी पडलं तर आतला जवळचा साथीदार धावत येऊन त्याला हात लावतो आणि शर्यत तिथून पुढे चालू ठेवतो. ते बघताना काळजाचं पाणी होतं.

तीन फेऱ्या उरल्या की बंदूक वाजते. शेवटच्या दोन फेऱ्या एकाच स्केटरने पूर्ण करायच्या, अदलाबदल नाही. म्हणून तिसरी फेरी उरलेली असताना सगळ्या संघांचा शेवटचा बदल होतो आणि तीच रिलेमधली सगळ्यात महत्त्वाची ढकल.

मिश्र रिलेत क्रम ठरलेला: आधी दोघी बायका, मग दोघे पुरुष, आणि पुन्हा तसंच.

‘बी’ फायनल कशाला? हरलेल्यांची शर्यत कोण बघतं?

बघा, जरूर बघा. २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये महिलांच्या रिलेत नेदरलँड्सचा संघ मुख्य फायनलला पोहोचला नव्हता. ‘बी’ फायनलमध्ये त्या पोरींनी जागतिक विक्रम केला आणि कपडे बदलायला गेल्या. मग मुख्य फायनल झाली, त्यात चीन आणि कॅनडा दोन्ही बाद झाले. उरले दोनच संघ, कोरिया आणि इटली. तिसरं कुणी उरलंच नाही, म्हणून कांस्य ‘बी’ फायनल जिंकलेल्या नेदरलँड्सला! त्या संघातली योरीन तेर मोर्स काही दिवसांपूर्वीच लाँग ट्रॅकवर १००० मीटरचं सुवर्ण जिंकली होती.

ही मुलं शर्यतींच्या मधे बादलीनं पाणी का ओततात?

हा आईचा पहिला प्रश्न. तिला शर्यतीपेक्षा ती बादल्यावाली मुलंच जास्त आवडली.

वळणावर पात्यांनी बर्फ अक्षरशः खरवडला जातो, चऱ्या पडतात, भुसा साचतो. शर्यत संपली की कडेला बसलेली मुलं पटकन उठतात, त्यातली काही घसरत जाऊन उडालेले काळे ठोकळे जागेवर ठेवतात आणि काही बादलीतलं पाणी त्या चऱ्यांवर पसरतात. पाणी चरीत भरतं आणि बघता बघता गोठतं. शिवाय सगळा ट्रॅकच मधूनमधून थोडा पुढे-मागे सरकवतात, म्हणजे सगळ्यांची पाती त्याच जागेवर पडून खड्डा होत नाही. बर्फावर ठिपक्यांच्या जास्तीच्या खुणा दिसतात त्या यासाठीच. अंगणात पाणी शिंपडून सारवण करणारी माणसं आपण लहानपणी पाहिली आहेत, आईला तेच आठवलं.

वळताना ते हाताने बर्फाला का हात लावतात?

शरीर इतकं आत कललेलं असतं की डावा हात टेकवून तोल सांभाळावा लागतो. वळणाची त्रिज्या जेमतेम आठ मीटर, त्यामुळे सरळ उभं राहून वळणं शक्यच नाही. डाव्या हातमोज्याच्या बोटांच्या टोकांना कडक, गुळगुळीत टोपणं असतात, म्हणजे बोटं बर्फावरून अडकल्याशिवाय सरकतात.

पातंही त्यासाठीच वेगळं. ते बुटाच्या मध्यावर नसून डावीकडे सरकवून बसवलेलं असतं, नाहीतर इतकं कलल्यावर बूटच बर्फाला घासेल. शिवाय पातं वळणाच्या दिशेने किंचित वाकवतात. किती वाकवायचं हे प्रत्येकाचं निराळं, आणि ते जपणारा माणूस संघात प्रशिक्षकाइतकाच महत्त्वाचा. लाँग ट्रॅकमध्ये टाचेपासून सुटणारं, टक-टक वाजणारं पातं असतं, ते इथे चालत नाही. इथे टाच पक्की.

धोका किती?

आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पाती धारदार असतात आणि पडणाऱ्या माणसाचे पाय कुठे जातील सांगता येत नाही. म्हणून हेल्मेट, मानेचं संरक्षक, न कापला जाणारा पोशाख, नडगीचे पॅड हे सगळं सक्तीचं. पात्यांची टोकंही गोल केलेली लागतात. मोठ्या स्पर्धांत रिंकच्या भोवती लाकडी कठडा न ठेवता नुसत्या जाड गाद्या ठेवतात. माणूस आदळला की गादी मागे सरकते आणि धक्का पोटात घेते.

कुणी पडलं की हॉलमधले सगळे आधी तो उठतो का हे बघतात, मग पडद्याकडे. अहॉयमध्ये हे मी स्वतः पाहिलं, घरच्या मैदानावर डच प्रेक्षकसुद्धा परक्या स्केटरसाठी श्वास रोखून बसतात.

कोरिया यात एवढा पुढे कसा?

१९९२ ला किम की-हूनने १००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, ते दक्षिण कोरियाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलंच. बर्फाचे डोंगर लागत नाहीत, लागते एक हॉकीची रिंक आणि ती शहरात बांधता येते. त्यांनी मुलांना लहानपणापासून या खेळात घातलं, आणि देशांतर्गत निवड चाचणी इतकी कडक झाली की ऑलिंपिक विजेताही पुढच्या वर्षी संघाबाहेर राहू शकतो.

त्या दडपणाचे परिणामही दिसतात. आन ह्यून-सू २००६ च्या ऑलिंपिकमधून तीन सुवर्णं घेऊन आला. पुढे दुखापत आणि संघटनेशी न जुळणं, शेवटी २०११ मध्ये त्याने रशियाचं नागरिकत्व घेतलं आणि २०१४ ला सोचीत व्हिक्टर आन या नावाने पुन्हा तीन सुवर्णं जिंकली, या वेळी रशियाला. २०१८ च्या ऑलिंपिकमधला १५०० मीटरचा विजेता लिम ह्यो-जुन पुढे चीनकडून खेळू लागला. पार्कला रॉटरडॅममध्ये जो फटका बसला, त्यात पदकापेक्षाही जास्त काही अडकलेलं होतं. कोरियात तरुणांना सक्तीची लष्करी सेवा असते आणि ऑलिंपिक पदक किंवा आशियाई सुवर्ण मिळालं तरच त्यातून सूट मिळते. पार्कने ते शेवटी मिळवलं, फेब्रुवारी २०२५ ला हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत.

नेदरलँड्स तर लाँग ट्रॅकचा देश. इथे लोक शॉर्ट ट्रॅक बघतात?

आता बघतात. पूर्वी हे धाकटं भावंड होतं. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये सुझान शुल्टिंगने १००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, या खेळातलं देशाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. २०२१ ला डॉर्ड्रेख्टच्या जागतिक स्पर्धेत तर तिने सगळ्या वैयक्तिक शर्यती आणि रिलेही जिंकली.

आणि लारा व्हान राउव्हन. २०१९ ला सोफियात ५०० मीटरची जगज्जेती झाली. जुलै २०२० मध्ये सराव शिबिरात आजारी पडली आणि गेली, वय फक्त सत्तावीस. इथल्या हॉलमध्ये तिचं नाव अजूनही जपून घेतलं जातं. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये डच महिलांनी रिलेचं सुवर्ण जिंकलं तेव्हा पोडियमवर चढताना त्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं, ते तिच्यासाठी.

५०० मीटरला किती वेळ लागतो?

पुरुषांना चाळीस सेकंदांच्या आसपास. चाळिसाच्या आत पहिला आला तो अमेरिकेचा जे. आर. सेल्स्की, २०१२ ला कॅल्गरीत, ३९.९३७ सेकंद. चीनच्या वू दाजिंगने २०१८ मध्ये ते ३९.५०५ वर आणलं. सेकंदाचा हजारावा भाग मोजतात आणि पात्याचं टोक आधी कुणाचं पोहोचलं ते फोटोत बघतात. शेवटच्या क्षणी स्केटर पातं बर्फावरच ठेवून पाय पुढे फेकतात ते म्हणूनच.

भारतात हा खेळ आहे का?

आहे, आणि वाढतोय. डेहराडूनला हिमाद्री आइस रिंक आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली, मग कित्येक वर्षं बंद पडून राहिली. ती पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे एशियन ओपन शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. बातमी वाचून मला फार बरं वाटलं. वर्षभर चालणारी बंदिस्त रिंक असल्याशिवाय या खेळात काही होत नाही. लेहला तलाव आणि मैदानं थंडीत गोठतात, तिथे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा होतात आणि महाराष्ट्राच्या मुला-मुलींनी तिथे स्केटिंगमध्ये पदकं मिळवलेली आहेत. ज्या राज्यात बर्फ पडत नाही तिथली मुलं! त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

माझी मुलगी इनलाइन स्केटिंग करते. तिला बर्फावर जाता येईल का?

येईल. अपोलो ओनोही आधी चाकांवरच होता, लहानपणी टीव्हीवर १९९४ चं ऑलिंपिक बघून बर्फाकडे वळला. खाली बसण्याची सवय, पायावर पाय टाकून वळणं, घोळक्यात न बिचकणं, हे सगळं तसंच कामी येतं. नव्याने शिकावी लागते ती पात्याची धार. चाक रस्त्याला धरून असतं, पातं कडेवर उभं करावं लागतं. पहिले काही दिवस घोटे खूप दुखतील आणि मूल खट्टू होईल. तेव्हा तिच्यावर वेळेचं दडपण आणू नका. पुतणीला मी हेच सांगते: आधी नुसती वळणं, एकाच दिशेने, डावीकडे. आणि हेल्मेट, हातमोजे आणि मानेचं संरक्षक पहिल्या दिवसापासून.

प्रत्यक्ष बघायला गेलो तर कुठे बसावं?

सगळे अंतिम रेषेसमोरची तिकिटं मागतात. मी सांगेन, वळणाजवळ बसा, जरा वरच्या रांगेत. रांग वळणात शिरताना आणि बाहेर पडताना दोन्ही दिसते, दार कुठे उघडलं ते कळतं. खालच्या रांगेत पात्यांचा खरखर आवाज ऐकू येतो, तोही एकदा ऐकावा. स्वेटर आणि मोजे न्या, हॉल आतून गार असतो. आईने शालीवर शाल घेतली होती आणि दुपारनंतर ती माझ्याआधी ओरडायला लागली: ‘आतून, आतून जा!’